पदरचे पैसे आणि वाचकाचा वेळ

स्वतःच्या खर्चाने छापलेल्या कादंबरीला संपादनाचे निकष लावणे हा अन्याय आहे, असे मानणारा एक पक्ष नागपूरच्या साहित्यवर्तुळात आता चांगलाच स्थिरावला आहे. प्रकाशन समारंभाच्या व्यासपीठावरून, परीक्षणांतून, पुरस्कार जाहीर झाल्यानंतरच्या कुरबुरींतून तो बोलतो. त्याचे म्हणणे असे की लेखकाने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, टाइप करवून घेतले, छापले. आता त्यात ऱ्हस्वदीर्घ काढत बसणारे तुम्ही कोण? संपादन ही पुण्या-मुंबईच्या प्रकाशनसंस्थांची चैन आहे आणि तिच्याच नावाखाली विदर्भाच्या लेखकाला वर्षानुवर्षे परत पाठवले गेले. आशय अस्सल असेल तर वाचक चुका पोटात घालतो, नसेल तर पुस्तक बाजूला ठेवतो. निवाडा त्याच्यावर सोडा. या मांडणीत खरे दुखणे आहे, म्हणून ती हसण्यावारी नेता येत नाही. पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो ज्यांची बाजू घेतल्याचा दावा केला जातो त्या लेखकांनाच.

दुखणे आधी मान्य करू. विदर्भ साहित्य संघ १९२३चा, म्हणजे इथली लिहिण्याची परंपरा काही कालपरवाची नव्हे. तरी ग्रेस यांच्या कविता पॉप्युलरने काढल्या आणि महेश एलकुंचवारांची नाटके मौजेने. नागपुरात राहून लिहिणाऱ्याच्या नावाला वजन यायचे ते बहुधा आठशे किलोमीटरवरच्या मुंबईचा शिक्का उमटल्यावर. नागपुरातही सुविचार प्रकाशन मंडळासारख्या संस्था होत्या, पण एका प्रदेशाचे सगळे लिहिते हात दोन-चार संस्थांच्या खांद्यावर कसे पेलणार? ज्याची चिकाटी किंवा ओळख कमी पडली त्याच्या हस्तलिखिताची पोचही येत नसे. आज तोच लेखक शंभर-दोनशे प्रती छापून घेऊ शकतो. २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तके आली, आणि प्रतिलिपीवर लिहायचे तर कागदही लागत नाही. हे दार उघडले ते उत्तम झाले. मात्र कुणाला छापायचे हा निवडीचा प्रश्न आहे आणि छापण्याआधी संहितेवर किती काम करायचे हा संपादनाचा. जुन्या व्यवस्थेत ही दोन्ही कामे एकाच टेबलावर, बहुतेकदा एकाच माणसाच्या हातून होत, म्हणून लेखकाच्या मनात त्यांची गाठ बसली. निवडीत झालेल्या अपमानाचा राग आज संपादनावर निघतो आहे. निवड करणारा माणूस बाजूला झाला. संहितेवरचे काम मात्र जिथल्या तिथे पडून आहे, आणि ‘प्रकाशक’ या शब्दापुढे स्वतःचे नाव घालणाऱ्याने ते अंगावर घेतले आहे, त्याला ठाऊक असो वा नसो.

स्वप्रकाशनाच्या बाजूने जी थोर नावे साक्षीला बोलावली जातात, त्यांची साक्ष नीट ऐकली तर ती उलटीच पडते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ स्वतः प्रसिद्ध केली आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून त्यांच्या व्याकरणाची टर उडवली; यावरून शुद्धाशुद्धतेची चर्चा म्हणजे वरच्यांचे हत्यार असा धडा काढला जातो. चिपळूणकरांनी केले त्याला संपादन म्हणता येत नाही. मजकुराशी भिडायचे टाळून भाषेवर घसरणे, एवढेच ते होते. खुद्द ‘गुलामगिरी’ची बांधणी पाहावी. धोंडिबा शंका विचारतो, जोतीराव उत्तर देतात, आणि ही प्रश्नोत्तरे सोळा भागांतून एकेक पुराणकथा उलगडत पुढे सरकतात. कुठला प्रश्न कोणाच्या तोंडी कधी घालायचा, याचा विचार केल्याशिवाय असे पुस्तक उभे राहत नाही. वॉल्ट व्हिटमनने ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ १८५५ मध्ये पदरचे पैसे घालून काढले, हे खरे. तो छापखान्यात वाढलेला माणूस होता, काही पानांचे खिळे त्याने स्वतः जुळवले, आणि पुढे मरेपर्यंत आवृत्तीमागून आवृत्ती तेच पुस्तक तो दुरुस्त करत राहिला. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड प्रकाशकांनी नाकारल्यावर १९१३ मध्ये त्याच्याच खर्चाने निघाला. त्याच प्रूस्तने मुद्रितांवर इतकी काटछाट आणि भर घातली की ती पाने म्हणजे नवे हस्तलिखितच झाले. खर्च यांचा होता आणि तपासणीही यांचीच होती. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ स्वतःच्याच ‘करमणूक’मधून क्रमशः छापली. लेखकही तेच, संपादकही तेच. यमू उभी करणारा एवढा मोठा कादंबरीकार, पण त्यांच्या पाल्हाळाबद्दल समीक्षक शंभर वर्षे बोलत आले आहेत. शेजारच्या खुर्चीत कुणी दुसरा बसलेला असता तर हरिभाऊंचे काही बिघडले नसते.

यावर मोठा आक्षेप येतो तो ‘सत्यकथे’चा. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी संहितेवर किती बारकाईने काम केले हे मराठीत सर्वज्ञात आहे, आणि त्याच ‘सत्यकथे’च्या अंकाची राजा ढाले व त्यांच्या मित्रांनी १९६९ मध्ये होळी केली, हेही. तेव्हा संपादक म्हणजे विशिष्ट वर्गाची अभिरुची लादणारा पहारेकरी, असे समीकरण मांडले जाते. मला ही होळी समजते. पण होळी करणारे एरवी काय करत होते तेही पाहायला हवे. राजा ढाल्यांनी ‘येरू’, ‘विद्रोह’ ही लघुअनियतकालिके काढली, म्हणजे ते स्वतः संपादक झाले. नागपुरात जन्मलेल्या गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ उभे केले आणि दलित लेखकांच्या एका पिढीला ते व्यासपीठ मिळाले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीने छापले. ग्रंथाली ही प्रस्थापितांबाहेरची वाचकचळवळ, तरी संहितेला हात न लावता छापखान्यात पाठवण्याचा तिचा रिवाज नव्हता. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढले ते मित्राने मित्राचे पुस्तक काढावे तसे. आज आपण ज्याला स्वप्रकाशन म्हणतो त्याच्या ते अगदी शेजारचे. तिथे शहाण्यांची मुद्रितांवरची नजर आणि कोलटकरांचा जाहिरातकलेतून आलेला पानाचा विचार एकत्र आले. मोठी कचेरी, पगारी संपादकमंडळ, भांडवल यांतले काहीही नसताना ते पुस्तक तसे झाले. लघुअनियतकालिकांच्या या साऱ्या इतिहासात प्रस्थापित संपादकांविरुद्ध बंड आहे. संहिता दुसऱ्याच्या नजरेखालून घालायचीच नाही, असा आग्रह मात्र कुठे दिसत नाही.

आता बोलीकडे येऊ, कारण विदर्भात खरा वाद तिथे आहे. वऱ्हाडी, झाडी किंवा नागपुरी वळणाने लिहिणाऱ्याला प्रमाणभाषेचा संपादक कशाला, असे विचारतात. मला वाटते, त्यालाच संपादक अधिक लागतो. प्रमाणभाषेत लिहिणाऱ्याला आधाराला काही तरी असते. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम, १९७२ मध्ये त्यांत पडलेली चारांची भर, अरुण फडक्यांचा लेखनकोश. शंका आली की उघडून पाहता येते. ‘जाऊन राहिलो’ हे नागपूरच्या बोलण्यात ऐकू येते तसे लिहायचे तर ‘जाऊन रायलो’, ‘जाऊ रायलो’ की ‘जाऊन ऱ्हायलो’, याचा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. तो प्रत्येक कादंबरीला आपल्यापुरता ठरवावा लागतो, आणि एकदा ठरवला की तीनशे पानांवर पाळावा लागतो. समजा, एका कादंबरीत यवतमाळकडचा एक शेतकरी आहे. घरी तो बायकोला ‘मले’ म्हणतो, पोराला ‘तुले’ म्हणतो. तलाठ्यासमोर उभा राहिला की ‘मला’ म्हणतो. हा एका अक्षराचा बदल त्या माणसाची सारी अवघड जागा दाखवून जातो. पण याच कादंबरीत तो चाळिसाव्या पानावर घरीही ‘मला’ म्हणत असेल, साठाव्यावर ‘मले’ आणि त्याच परिच्छेदाच्या शेवटी पुन्हा ‘मला’, तर तलाठ्यासमोरचा ‘मला’ वाचकाच्या लक्षातच येणार नाही. त्याला वाटेल, लेखक गडबडला. लेखकाने जिवापाड ऐकलेली गोष्ट लेखकाच्याच हाताने पुसली गेली. चांगला संपादक इथे ‘मले’ खोडून ‘मला’ करत नाही. समासात एवढेच लिहितो: इथे ‘मला’ मुद्दाम आहे का?

याच्या उलटचा अपघातही नेहमीचा. बोली न कळणारा मुद्रितशोधक ‘डोया’ला चूक समजतो आणि संगणकाला तो सुटा शब्द सगळीकडे बदलण्याची आज्ञा देऊन ‘डोळा’ करून टाकतो. ‘डोयात’, ‘डोयाले’ मात्र त्या आज्ञेतून निसटतात आणि पुस्तकात दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदू लागतात. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६०ची. कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी आज साठ वर्षांनंतरही कानाला खरी लागते, आणि वऱ्हाडी ज्याची नाही त्यालाही वाचता वाचता कळत जाते. बोली नुसती जशीच्या तशी उतरवून हे साधत नाही. काय उतरवायचे, किती उतरवायचे आणि वाचकाला कुठे हात द्यायचा, हे प्रत्येक वाक्याला ठरवावे लागते. ज्यांना बोलीचा अभिमान आहे त्यांनी तिच्या लेखनात ढिलाई चालते असे म्हणणे, हा बोलीचा मोठाच अवमान आहे. प्रमाणभाषा तेवढी नेटकी हवी आणि आमची भाषा कशीही चालेल, हे आपणच कबूल केल्यासारखे होते.

शुद्धलेखन हा तर संपादनाचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग. त्याच्या आधी गोष्टीचा हिशेब असतो. नायिका मारबतीच्या मिरवणुकीत हरवते आणि त्यानंतर महिन्याभराने घरात नागपंचमीची दिंडं उकडली जातात, असे लिहिले तर नागपूरच्या शाळकरी पोरालाही खटकेल, कारण नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीची आणि मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. पोळा येतो त्याच श्रावणाच्या अमावास्येला. श्रावणातच कापसाची वेचणी लावली तर शेतकरी पुस्तक मिटून ठेवील. लेखकाला हे माहीत नसते असे नाही. त्याने मारबतीचे प्रकरण एका वर्षी लिहिलेले असते, नागपंचमीचे दोन वर्षांनी, आणि मग तिसऱ्या मसुद्यात प्रकरणांची अदलाबदल केलेली असते. स्वतःचे लिखाण दहाव्यांदा वाचताना डोळा जे असायला हवे ते वाचतो, जे आहे ते वाचत नाही. म्हणून दुसरा माणूस लागतो. लेखक कमी हुशार आहे म्हणून नव्हे. त्यात आपल्या लिपीचे आणखी एक झेंगट आहे. श्रीलिपीत किंवा आयएसएमवर टाइप झालेली जुनी संहिता युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, वेलांटी एक घर सरकते, जोडाक्षरे फुटतात, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊन मेळघाटातला नायक पायी समुद्र ओलांडतो. डीटीपीवाला म्हणतो, प्रूफ लेखकाने पाहायचे असते. लेखक समजतो, ते छापणाऱ्याने पाहिले असेल. अशा पुस्तकाचे प्रूफ कुणीच पाहिलेले नसते.

पैसे कुठून आणायचे, हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. निवृत्त शिक्षक किंवा लिपिक पदरमोड करून पुस्तक काढतो, त्याला संपादकाचे मानधन परवडत नाही. परंतु हा खर्च नेमका कशावर होतो ते पाहिले तर उत्तर तितके सरळ राहत नाही. हल्ली लेखकापुढे ‘पॅकेज’ ठेवले जाते: मुखपृष्ठ, आयएसबीएन, अमुक प्रती, प्रकाशन समारंभाची जाहिरात. त्यात संपादन बहुधा नसते, असले तर ‘व्याकरण तपासणी’ एवढ्यापुरते. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. तो पुस्तकाची नोंद सांगतो, दर्जा नव्हे, तरी दर्जाचा शिक्का असल्यासारखी त्याची किंमत लावली जाते. मग सभागृह, निमंत्रणपत्रिका, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हे, अल्पोपाहार. शिवाय दोन प्रस्तावना आणि मलपृष्ठावर पाठराखण. मराठीतल्या प्रस्तावनेच्या प्रथेने संपादनाचे जेवढे नुकसान केले तेवढे प्रकाशकांच्या कंजुषीनेही केले नसेल. प्राध्यापक महाशयांकडे संहिता जाते तेव्हा पाने बांधून तयार असतात. त्यांना चूक दिसली तरी सांगायची सोय नसते, आणि त्यांच्याकडून मागितलेले असते ते कौतुक. हाच माणूस वर्षभर आधी, हातात शिसपेन्सिल घेऊन, कच्ची संहिता वाचायला बसवला असता तर त्याच चार तासांचे चीज झाले असते. समारंभ छोटा करावा, प्रती पन्नास कमी छापाव्यात, पुस्तक सहा महिने उशिरा यावे. घाई कोणाला आहे? प्रकाशकाचे वार्षिक वेळापत्रक लेखकाच्या डोक्यावर नाही, हा तर स्वप्रकाशनाचा मोठा फायदा. तोच नेमका वापरला जात नाही.

राहिला ‘वाचक ठरवील’ हा मुद्दा. बाजार खरोखर खुला असता तर त्याला वजन होते. इथे पुस्तकाचा बराच भाग भेट म्हणून वाटला जातो आणि काही प्रती ग्रंथालयांत जातात. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये हजारोंच्या संख्येने आहेत, आणि तिथली खरेदी पुष्कळदा सवलतीचा टक्का पाहून होते. तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन वैदर्भीय लेखकाची कादंबरी उत्सुकतेने घरी नेणारी बाई पंधराव्या पानावर अडखळते आणि ती परत करते. ती तक्रार करत नाही, पत्र लिहीत नाही. पुढच्या वेळी ती अनुवादित रहस्यकथा नेते. तिने निवाडा दिला, पण लेखकाच्या कानावर तो कधीच गेला नाही, आणि शिक्षा पुढच्या दहा वैदर्भीय लेखकांना झाली. पदरचे पैसे लेखकाने घातले हे खरे. वाचकाने घातलेला वेळही पदरचाच असतो.

वाचक खरोखर ठरवतो तेव्हा काय होते ते पाहायचे तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जावे. तिथले पुस्तकांचे स्टॉल हे या शहरातले मोठे ग्रंथप्रदर्शन आहे. ते कुणी साहित्यसंस्था भरवत नाही, आणि तिथल्या अनेक पुस्तिका लेखकांनी वा छोट्या प्रकाशकांनी स्वतः काढलेल्या असतात. कादंबऱ्या तिथे कमी, चरित्रे आणि वैचारिक लेखन जास्त, हे खरे. पण मजुरीच्या पैशातून पुस्तक घेणारा माणूस तिथे उभ्या उभ्या चार पाने चाळतो, संदर्भ पाहतो, सनावळी पाहतो, मग पैसे काढतो. बाबासाहेबांच्या ग्रंथांनी या वाचकाला तळटीप वाचायची सवय लावली आहे. ‘आपल्या माणसाला चालतं’ असे म्हणून त्याच्या हाती कच्चे पुस्तक देणारा लेखक त्याला ओळखतच नाही.

मोठ्या प्रकाशकांच्या पुस्तकांतही चुका असतात, हे शेवटचे अस्त्र. असतात, आणि हल्ली वाढल्या आहेत. नावाजलेल्या संस्थांनी मुद्रितशोधकांना पानामागे मिळणाऱ्या तुटपुंज्या रुपयांवर सोडून दिले आहे आणि काही ठिकाणी लेखकाकडूनच पैसे घेतले जातात. पण शेजाऱ्याचे छप्पर गळते म्हणून आपण कौले काढून ठेवत नाही. उलट स्वप्रकाशित लेखकाने इथेच त्यांना मागे टाकावे, अशी संधी आहे.

आणि हे काम करणारी माणसे नाहीत, असेही नाही. साहित्य संघासारखे नागपूर विद्यापीठही १९२३चेच. तिथे पदवीच्या व्यावहारिक मराठीत मुद्रितशोधनाच्या खुणा शिकवल्या जातात. त्या शिकलेली मुले नंतर स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांत हरवतात, कारण या कामाला नाव नाही आणि दामही नाही. दामाचा प्रश्न एका दमात सुटणार नाही. नावाचा सुटू शकतो. पुस्तकाच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर मुखपृष्ठकाराचे, अक्षरजुळणी करणाऱ्याचे, मुद्रकाचे नाव असते. तिथे ‘संपादन’ आणि ‘मुद्रितशोधन’ अशा दोन ओळी आणखी हव्यात, आणि त्यांच्यापुढे लेखकाव्यतिरिक्त दुसऱ्याचे नाव हवे. मित्राचे चालेल, बायकोचे चालेल, जुन्या विद्यार्थ्याचे चालेल. विदर्भ साहित्य संघ १४ जानेवारीला वर्धापनदिनी वाङ्मय पुरस्कार देतो. त्यासाठी पुस्तके मागवताना या दोन ओळी रिकाम्या नसाव्यात, एवढी एकच अट घालून पाहावी. कुठली कादंबरी श्रेष्ठ ते परीक्षकांनी खुशाल आपल्या मताने ठरवावे. पहिल्या वर्षी बरीच नावे उपचारापुरती येतील. दुसऱ्या वर्षापासून ज्याचे नाव छापले जाणार आहे तो माणूस, छपाईला सोडण्याआधी संहिता मला एकदा दे, असे म्हणू लागेल.